रेस उठनी नही

१४ मार्च, जळगाव

चालक बांधवांनो, इंजिन बिघडतं, पंप बिघडतो, ब्रेक बिघडतात, रस्ता तर बिघडलेलाच जन्माला येतो; पण पंचनाम्यात बिघडलेला सापडतो तो फक्त ड्रायव्हर. तुमच्यात असा एक जण दाखवा, ज्याच्या नावापुढे खुर्चीत बसलेल्या कुणीतरी ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहिलेला नाही. लोखंडाला कधी आरोपी केलं जात नाही, कारण लोखंड बनवणाऱ्यांकडे वकील असतात.

संघटनेच्या बैठकीसाठी सकाळी इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. भाषण बाजूला ठेवून घडलं ते लिहितो.

परवा, बारा तारखेला, दुपारी दोनच्या सुमारास असोद्याच्या पलीकडे केळीच्या शेडवर आमच्या गाडीनं सुगंधाबाईला भिंतीशी दाबलं. गाडी माझी, २००८ ची सहाचाकी. चालवत होता लोटनआबा, पिंपळनेरकडचा, वय अठ्ठावन्न. गाडी घेतली त्या दिवसापासून तो माझ्यासोबत आहे. पाठ गेल्यावर मी स्टिअरिंग सोडलं आणि संघटनेचा अध्यक्ष झालो. आबानं सोडलं नाही.

गाडी फक्त वीस फूट पुढे घ्यायची होती. सुगंधाबाई भिंतीजवळ केळीची वाळकी पानं गोळा करत होती, गाडीत घडांखाली अंथरायला. आबा सांगतो, रेस थोडी दिली, पाय उचलला, पण इंजिन ओरडतच राहिलं. ब्रेकवर उभा राहिला तरी गाडी त्याला घेऊन घसरत गेली. इंजिन बंद करायचा दांडा ओढेपर्यंत बाईचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला गेला होता.

मी पंधरा मिनिटांत पोचलो. तिला उचलायला काही सापडेना. मग केबिनमध्ये पायाखाली अंथरलेला संघटनेच्या वर्धापनदिनाचा फ्लेक्स मीच ओढून काढला, चौघांनी चार कोपरे धरले आणि दवाखान्यात न्यायला तिला दुसऱ्या गाडीत घातलं. जानेवारीत असे चाळीस फ्लेक्स उरले होते. केळीचा चीक केबिनच्या पत्र्यावर बसला की काळा पडतो, मग रॉकेलनंही निघत नाही. म्हणून मी व्यासपीठावरूनच सांगितलं होतं: वरचा महापुरुषांच्या प्रतिमांचा पट्टा कापून घरी जपून ठेवा, खालचा माझ्या फोटोचा भाग खुशाल पायाखाली घाला, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पायदळीच होतो. टाळ्या पडल्या होत्या. निदान परवा त्याचा काही उपयोग झाला.

पोलिसांनी आबाचं ऐकून घेतलं आणि लिहिलं, चालकाच्या निष्काळजीपणामुळे. आबा एकच वाक्य बोलत होता, समोर कोण आहे ते न बघता. “पाय मन्हा उठना व्हता. रेस उठनी नही.”

मी ते सिद्ध करीन.

१७ मार्च

मोटार वाहन निरीक्षक ठाण्याच्या आवारात येऊन गाडी तपासून गेले. इंजिन चालू केलं, रेस तीस वेळा दाबली. तीसही वेळा ती लहान मुलासारखी उठून उभी राहिली. यांत्रिक दोष आढळला नाही, असं कागदावर आलं. मी त्यांना विचारलं, ताप आलेला माणूस डॉक्टरसमोर बसल्यावर घाम येऊन थंड पडला तर त्याला ताप आलाच नव्हता का? ते म्हणाले, प्रशीलराव, तुमची भाषणं मी ऐकली आहेत, चांगली असतात. आणि सही केली.

आबाचा परवाना धुळ्याचा, त्यामुळे तो रद्द का करू नये याची सुनावणी धुळ्यात होणार. गुन्हा वेगळा चालेल. अठ्ठावन्नाव्या वर्षी परवाना गेला की परत मिळत नाही, हे त्यालाही कळतं. पण त्याला धक्का बसलेला दिसतो. ठाण्यातून बाहेर पडताना भलतंच विचारलं.

“भाऊ, ते पोस्टर कोठे शे?”

मी म्हटलं, दवाखान्यातच राहिलं असेल, आता पोस्टरचं काय घेऊन बसलास. डोकं ठिकाणावर नाही त्याचं.

२० मार्च

सुगंधाबाईचा पाय गुडघ्याखालून कापला. काल तिला भेटलो. सून नूतन उशाशी होती. मी बाईला सांगितलं, अक्का, हा गुन्हा माणसाचा नाही, यंत्राचा आहे, आणि यंत्राला मी बोलतं करीन. ती छताकडे बघत होती. मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. ती मी इथे लिहितो, आणखी कुठे बोलणार नाही.

“मी ओरडले, भाऊ. तो खालीच पाहत होता. मान वर केलीच नाही त्यानं.”

ड्रायव्हर गाडी चालवताना खाली कधी बघतो, हे मी शंभर सभांमध्ये सांगितलं आहे. मांडीवरच्या मोबाईलकडे.

नूतननं जाताना धुतलेला फ्लेक्स घडी करून हातात दिला. रक्त निघालं, म्हणाली, पण तो काळा डाग काही निघाला नाही.

२९ मार्च

गाडी कोर्टातून सुटली. झुलाल मिस्तरीकडे नेली. झुलाल गॅरेजात चहा पिणाऱ्यालाही पान्यासारखा उलटसुलट करून बघतो. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो गाडीला नाही, मला. मागच्या दोन महिन्यांत गाडीचं काय झालं होतं?

मला आठवेना. मी तेव्हा रावेर, पाचोरा, चाळीसगाव असा सभांना फिरत होतो. त्यानंच आठवण दिली. गाडी नुसती उभी असताना इंजिन ज्या वेगानं फिरतं त्याला आम्ही स्लो म्हणतो. ते स्लो फेब्रुवारीपासून मनाला येईल तसं चढत होतं, उतरत होतं. आबा तीनदा गाडी घेऊन आला. तीनदा मी पाचोऱ्याहून नाहीतर कुठून फोनवर सांगितलं, स्क्रू फिरव आणि कमी कर, फार चर्चा नको. तीनदा झुलालनं कमी केलं.

“आणि आता बघा,” तो म्हणाला. त्यानं इंजिन चालू केलं आणि पाय काढला. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. “जास्त होतं म्हणून कमी केलं. कमी केलं तर आता बंद पडते. मग तेव्हा जास्त का होतं, भाऊ? तेव्हा रेस कुणीतरी वरून धरून ठेवली असेल तरच हे जमतं.”

मी म्हटलं, धरून ठेवली ती पंपानं. आतला वेग आवरणारा गव्हर्नर झिजला असणार. भेसळीच्या डिझेलनं पंप खाल्ले जातात आणि बिल ड्रायव्हरच्या रक्तानं चुकतं केलं जातं. तो म्हणाला, तुम्ही माइक दुरुस्त करा, पंप मला बघू द्या. पण शेवटी माझ्या हट्टापुढे त्यानं पंप उतरवला.

३ एप्रिल, धुळे

पंप गोणीत बांधून एसटीनं धुळ्याला आणला. आबाही सोबत होता. खिडकीशी बसून त्यानं पंप मांडीवर घेतला, आजारी नातू घेतात तसा. मी त्याला धीर देत होतो, सुनावणीत काय बोलायचं ते वाक्यवाक्य घोकून घेत होतो. “साहेब, मी चालक आहे, कारागीर नाही.” मग, “वारंवार तक्रार करूनही.” हे शब्द आल्यावर तो माझ्याकडे बघू लागला. तक्रार कुणाकडे केली, असं साहेबांनी विचारलं तर काय सांगू, म्हणाला. मी म्हटलं, मालकाकडे. आणि मग लक्षात आलं की मालक मी आहे. त्यावर तो पहिल्यांदा हसला.

धुळ्याच्या पंपवाल्यानं पंप यंत्रावर चढवला, चाळीस मिनिटं फिरवला. मोजायच्या काचेच्या नळ्यांमध्ये डिझेल सारख्याच मापानं पडलं. गव्हर्नर ठीक. लिव्हर सोडला की सुटतो. या पंपानं कुणाला मारलं नाही, असं तो म्हणाला आणि हात पुसले.

मी वाद घातला. खूप घातला. मग पंप परत गोणीत बांधला.

८ एप्रिल

आज पारा त्रेचाळीसवर. झुलालनं पंप परत बसवला, स्लो बरोबर लावलं आणि रेस उन्हात अडकते असं धरून गाडी भर दुपारी अंगणात उभी केली. केबिन इतकी तापली होती की दार फडक्यानं उघडावं लागलं. केबल नवी, तिच्यात एक तार तुटलेली नाही. परतीची स्प्रिंग ताठ. सांध्यांना ग्रीस. झुलाल आत बसून रेस दाबत होता आणि मी बाहेर मोजत होतो. दोनशेपर्यंत मोजलं. दोनशे वेळा ती उठली.

तो खाली उतरला, डोक्यावर पाणी ओतलं आणि म्हणाला, “अपघाताच्या दिवशी गाडीत जे होतं ते सगळं आज आहे का?”

मी म्हटलं, सगळं. ताडपत्री, दोर, जॅक, फळीवरची माझी पुस्तकंसुद्धा. पोलिसांकडून यादी करून घेतलं आहे. पानही हललेलं नाही.

तो म्हणाला, मग गाडीला दोष नाही, भाऊ. दुसरीकडे शोधा.

ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना सांगितलं की दोष वर शोधा, त्याला आता खाली बघायला सांगतात. आणि खाली कोण आहे? आबा.

११ एप्रिल

विचारायला नको होतं. विचारलं.

आबा आमच्या ओट्यावर बसला होता. माझी बायको सविता आत चहा करत होती. मी म्हटलं, आबा, त्या बाईनं तुला खाली बघताना पाहिलं. मोबाईल बघत होतास का? खरं सांग, मी सांभाळून घेईन.

त्यानं खिशातून मोबाईल काढून पायरीवर ठेवला. बटणांचा. त्यावर बघण्यासारखं काही नसतं, हे मला सतरा वर्षं माहीत होतं.

“मग खाली काय बघत होतास?”

“पाय,” तो म्हणाला. “पाय मन्हा उठना व्हता, भाऊ.”

तो पुन्हा त्या पोस्टरवर आला. परत आलं का, कुठे आहे. मी वैतागून सांगितलं, नूतननं धुऊन दिलं, सवितानं वाळवलं, परवाच्या सभेत मागे लावणार आहे, नवीन छापायला वेळ नाही. धुतलं का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, साबण लावून धुतलं. तो बराच वेळ चपलेचा अंगठा बोटात फिरवत राहिला.

“बरं शे,” म्हणाला. “चांगलं भाषन कर. लोके ऐकतस तुन्हं.”

आणि चहा न घेता निघून गेला. सविता कप घेऊन दारात उभी. म्हणाली, काय बोललात त्याला?

१३ एप्रिल

सभा झाली. दोनशेच्या वर ड्रायव्हर. मागे तोच फ्लेक्स. माझ्या फोटोत कपाळापासून ओठापर्यंत काळा, अर्ध्या चपलेएवढा, सरळ काठाचा डाग. बोलता बोलता मागे वळलो, डागावर बोट ठेवलं आणि म्हणालो, हा बघा, हा व्यवस्थेचा जोडा आहे, रोज आपल्या तोंडावर पडतो, धुतला तरी जात नाही. माणसं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. गेल्या दहा वर्षांत असं भाषण झालं नाही.

झुलाल मागच्या रांगेत होता. तो टाळ्या वाजवत नव्हता, मान वाकडी करून डागाकडे बघत होता. नंतर येऊन म्हणाला, जोडा असा सरळ काठाचा नसतो. मी त्याला म्हटलं, तुला उपमा कळत नाही. तो म्हणाला, नाही कळत.

आबा आला नव्हता.

२३ एप्रिल, धुळे

संपलं.

सुनावणीत मी कागद घेऊन उभा राहणार होतो. पंपाचा दाखला माझ्या विरुद्ध गेला होता, तरी मी मुद्दे काढले होते: निरीक्षण पाच दिवस उशिरा झालं, हवा वेगळी, वेळ वेगळी. साहेबांनी आधी आबाला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे.

“मन्हीच चूक शे, साहेब.”

एवढंच. मी उठून बोलायला लागलो तर त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. सतरा वर्षांत मला त्यानं कधी बोलताना अडवलं नव्हतं. साहेबांनी लिहून घेतलं, त्यानं सही केली, परवाना टेबलावर ठेवला. तो परवाना प्लॅस्टिकमध्ये होता, प्लॅस्टिक नवीन घातलेलं होतं.

बाहेर आल्यावर मी त्याला फार बोललो. घाबरट म्हणालो. तुझ्यासारख्यांमुळेच खुर्च्या माजतात म्हणालो. तो साक्रीच्या गाडीत चढला.

माझ्याकडे शब्द आहेत, त्याच्याकडे नाहीत, म्हणून तो हरला, असं दिवसभर मनात येत होतं. आता तेही खरं वाटत नाही. काहीच खरं वाटत नाही. अपराधी कोण असेल ते असो, बाई एका पायानं घरी आली आहे आणि आबा गावी गेला आहे.

२५ एप्रिल

दुपारी सविता सभेचा फ्लेक्स काढून घडी घालत होती. ओट्यावरून हाक मारली. म्हणाली, हा आधीच कुणीतरी दुमडलेला आहे, बघा. दोन ठिकाणी पक्की घडी पडली आहे. आणि डाग बरोबर घडीच्या काठावर आहे, म्हणून तो सरळ आहे. केबिनमध्ये सपाट घातला होता ना तुम्ही?

मी म्हटलं, मी सपाटच घातला होता. आबानं दुमडला.

“त्यानं कशाला?”

आणि उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, इतक्या दिवसांपासून तयार होतं. जानेवारीत मी फ्लेक्स घालून त्याला म्हटलं होतं, घाल आता पाय माझ्या तोंडावर. सगळे हसले होते. तो हसला नव्हता. “तुन्हा तोंडवर पाय ठेवू का मी?” एवढं बोलून त्यानं वाकून फ्लेक्स दुमडला होता. माझा चेहरा घडीच्या आत, पाठ वर. मी म्हटलं, आबा, तू जुना माणूस. आणि पुढच्या सभेला गेलो होतो.

सविता माझ्याकडे बघत होती. मी फ्लेक्स घेतला आणि झुलालकडे गेलो.

दोन वाजले होते. आम्ही फ्लेक्स त्याच घडीवर दुमडून केबिनमध्ये घातला. चीक डागाच्या जागी अजून होता. उन्हानं मऊ होऊन बोटाला ओढ घेत होता. झुलालनं इंजिन चालू केलं, रेस दाबली, सोडली. उठली. पुन्हा. उठली. चौथ्या वेळी पायडल वर आलं पण पुरतं आलं नाही, आणि स्लो चढून राहिलं. फेब्रुवारीत चढायचं तसंच. झुलालनं माझ्याकडे बघितलं. सातव्या वेळी घडीचा काठ फुगून पायडलच्या डोक्यावर चढला, आतली फोटोची बाजू त्याला टेकली आणि चिकानं धरून बसली. झुलालनं पाय उचलून मांडी घालून दाखवली. इंजिन ओरडत होतं. पायडलवर कुणी नव्हतं. तिथे फक्त घडी होती, आणि घडीच्या आत माझा चेहरा.

आबा खाली बघत होता ते हे. पायानं, मग हातानं हे सोडवायला बघत होता.

दांडा ओढून इंजिन बंद केलं ते झुलालनं. मी दाराला धरून उभा होतो.

२८ एप्रिल

निरीक्षकांकडे गेलो. फ्लेक्स, फोटो, झुलालनं मोबाईलवर घेतलेलं चित्रण, सगळं नेलं. त्यांनी सगळं नीट पाहिलं. वाईट माणूस नाही. म्हणाले, पंचनाम्यात ही वस्तू नाही. ती गाडीतून कुणी काढली? मी. धुतली गेली? हो. मग सभेत टांगली? हो. आणि चालकानं स्वतः चूक कबूल केली आहे. गुन्ह्यात वकिलामार्फत द्या, कोर्टाला वाटलं तर बघेल. परवान्याबद्दल अपील करा. पण प्रशीलराव, मला सांगा, हे तुम्ही माझ्या जागी असता तर मानलं असतं का? मालकाचा ड्रायव्हर, मालकाचा मिस्तरी, मालकाचं पोस्टर.

निष्काळजीपणा हा शब्द मला लागू होतो का, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. अपील करणार आहे.

२९ एप्रिल, पिंपळनेर

आबा अंगणात खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, सातव्या वेळी काय झालं ते सांगितलं, आणि विचारलं, तुला माहीत होतं का? ठाण्याबाहेर पोस्टर विचारलंस तेव्हाच माहीत होतं का?

तो शेंगा फोडत राहिला. यंदा पिंपळनेरला आंबा कमी आहे, म्हणाला. मुलगी मेमध्ये येईल.

मी पुन्हा विचारलं.

“मी दुमडं व्हतं ना ते,” तो म्हणाला. “तू थोडी दुमडं. आते ऱ्हाऊ दे.”

जो दोष माझा होता तो त्यानं घडी घालून स्वतःजवळ ठेवला. का, ते मला अजून नीट कळत नाही. माझ्या संघटनेसाठी? की त्यालाही खरोखर असंच वाटतं? मी त्याला अपीलाच्या कागदावर सही करायला सांगितलं. त्यानं केली, पण माझ्याकडे बघून, मला बरं वाटावं म्हणून केली.

निघताना म्हणाला, “बाकीना गाड्यास्मा बी शे ना ते? पोस्टर?”

मी चाळीस वाटले होते. माझ्या डोक्यात ते अजून आलं नव्हतं.

३० एप्रिल

सकाळपासून गॅरेजं आणि शेड फिरलो. केळीच्या अकरा गाड्या सापडल्या. नऊंच्या केबिनमध्ये माझा फ्लेक्स आहे. नऊपैकी सहा जणांनी तो दुमडून घातला आहे. एकानं सांगितलं, भाऊ, तुमच्या तोंडावर पाय कसा ठेवणार. दुसऱ्याचं स्लो महिनाभर वरखाली होतंय, पंप उतरवायला धुळ्याला निघाला होता. नऊही फ्लेक्स मी स्वतः काढले. उरलेले कुठे आहेत माहीत नाही. नागपूर, इंदूर, कुठल्याही रस्त्यावर.

संध्याकाळी असोद्याला गेलो. सुगंधाबाई खाटेवर, कुबड्या भिंतीला. मी उभ्यानंच सांगितलं. यंत्राचा दोष नाही, अक्का. लोटनचाही नाही. पायाखाली मी घातलेलं पोस्टर होतं, त्यात रेस अडकली. ते मीच घालायला लावलं होतं.

ती ऐकत होती. नूतननं चूल फुंकायची थांबवली. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

“म्हणजे मला उचललं, ते त्याच्यावरच?” तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. मी परत आलो.

१ मे

आज कामगार दिनाची सभा आहे. चौदा मार्चला सुरू केलेलं भाषण काढून वाचलं. चांगलं आहे. त्यातलं एक वाक्यही आज बोलणार नाही. मागे फ्लेक्स नसेल. बोलायचं ते इथे लिहितो, म्हणजे तिथे गेल्यावर जीभ दुसरीकडे वळायला नको.

चालक बांधवांनो, पंचनाम्यात नेहमी आपलंच नाव लागतं, ही आपली तक्रार खरी आहे आणि ती राहील. पण बारा मार्चला सुगंधाबाईचा पाय गेला तो पंपामुळे नाही, डिझेलमुळे नाही आणि लोटनआबामुळे नाही. आबाचा पाय उठला होता, रेस उठली नाही. ती माझ्या फोटोच्या फ्लेक्सनं दाबून धरली होती. तो पायाखाली घाला असं मी याच माइकवरून सांगितलं, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मग माझा मान ठेवायला तो दुमडून घातला. गेल्या सभेत मी ज्या डागावर बोट ठेवून तुम्हाला पेटवलं, तो रेसच्या पायडलचा डाग होता. आबाला परवाना परत मिळेल की नाही, माहीत नाही. बाईचा पाय मिळणार नाही. मी अध्यक्ष राहावं की नाही ते तुम्ही नंतर ठरवा, मी बसून ऐकीन.

त्याआधी एकच काम करा. चाळीसातले तीस फ्लेक्स अजून कुणाच्या तरी पायाखाली आहेत. ज्यांच्या गाड्या गावात उभ्या आहेत त्यांनी आत्ता सभेतून उठून गाडीकडे जा. जे रस्त्यावर आहेत त्यांना फोन लावा, गाडी बाजूला घ्यायला सांगा. चावी फिरवण्याआधी खाली वाका आणि माझा चेहरा पायाखालून ओढून बाहेर काढा.